बळीराम मेत्रे, भालकी

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात येणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो. किती लागतील आणि कधी मिळेल. मल्लिकार्जुनप्पानं तिसरी विचारली, म्हणून तो माझ्या मनात बसला. साल पासष्ट. आमच्या बिदरच्या मुलखाला तेव्हा म्हैसूर राज्य म्हणत. भालकीत स्टेशनच्या रस्त्यावर माझं पत्र्याचं दुकान होतं. एक टेबल, एक खुर्ची आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. हा गंजातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला, मोठा आडत्या, तुरीच्या पोत्यांचा धनी. पायरी चढून आत आला, कमरेचं चांदीचं घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "बळीराम, हे कुणी केलं असंल रे?"

तोंडावर मी त्याला अप्पा म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथं अरे-तुरे करतोय, कारण माझा राग अजून उतरलेला नाही. वाचणाऱ्यानं तेवढं सांभाळून घ्यावं.

घड्याळ जुनं होतं. पोलीस ॲक्शननंतर कुणा जहागीरदाराच्या घरातून बाहेर पडलेलं. मी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. आत कंपनीचा छाप नव्हता. एका माणसाचं नाव आणि विलायतेतल्या एका गावाचं नाव कोरलेलं, बस्स. एकेक चाक हातानं घासलेलं, स्क्रूच्या डोक्यांनासुद्धा पॉलिश. जिथं कुणाचीच नजर जाणार नाही तिथंही त्या माणसानं कसूर केली नव्हती.

"एका माणसाचं काम हाय, अप्पा," मी म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हात."

त्याचा चेहरा फुलला. "तेच मी घरात सांगायलोय, तर हसत्यात मला. कारखान्याचं घड्याळ म्हंजे गिरणीचं पीठ. मला जात्यावरचं पाहिजे."

हा त्याचा नाद. लोक जमीन घेतात, सोनं करतात, हा घड्याळं जमवायचा. तीही एकेकट्या कारागिरानं केलेली. बिदर, उदगीर, हैदराबाद, जिथं कुणाचं जुनं घर मोडतंय असं कानावर येईल तिथं हा पोचलाच. अशी तीन त्याच्याकडं होती. पण त्यांच्यात आत काय आहे हे त्याला कळायचं नाही, आणि मला कळायचं पण माझ्याकडं तसलं घड्याळ नव्हतं. आंधळ्या-लंगड्याची जोडी जमली.

अमावास्येला आमच्याकडं गंज बंद असतो. त्या दिवशी कुणी तराजूला हात लावत नाही. मल्लिकार्जुनप्पा दर अमावास्येला दुपारी माझ्या दुकानात यायला लागला. बाकड्यावर बसायचा नाही, टेबलाच्या कडेला डबा पालथा घालून त्यावर बसायचा, म्हणजे माझे हात दिसतात म्हणून. घर दुकानाच्या मागंच. माझी बायको सुमनबाई चहा पाठवायची आणि तो आमच्या ग्लासातून प्यायचा. हे मी मुद्दाम लिहितोय. माझे वडील रेल्वेत गँगमन. छप्पन्न साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, त्याच्या पुढच्या वर्षी आमचं घर बौद्ध झालं. पण गावाच्या डोक्यात जे होतं ते तिथंच होतं. त्या काळात गंजातल्या माणसानं आमच्या घरचा चहा पिऊन ग्लास स्वतःच्या हातानं खाली ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्याला हे सांगायची गरज वाटत नाही तो नशीबवान.

"आमच्या बसवण्णांनी काय सांगितलंय," तो म्हणायचा, "काम हीच पूजा. काम करणाऱ्याला जात न्हाई." मी मान डोलवायचो. मला खरंच वाटायचं.

असाच एका अमावास्येला तो म्हणाला, "तिकडं एक माणूस करतो, तर हितं कामून व्हईना? तू कर की एक."

मी हसलो. हैदराबादेत चारमिनारजवळ एका म्हाताऱ्या उस्तादाकडं मी सात वर्षं काढली होती. दुरुस्ती यायची. पण दुरुस्ती वेगळी आणि घड्याळ घडवणं वेगळं. डॉक्टरला माणूस बरा करता येतो, जन्माला घालता येत नाही. तसं मी त्याला म्हणालोही. त्यानं माझा पिच्छा सोडला नाही. पितळेचा पत्रा आणून दिला, चाकाचे दाते पाडायला हत्यार लागतं ते मी तीनदा बिघडवलं तरी चौथ्यांदा करायला लावलं. बारीक स्प्रिंगा आणि माणकाचे खडे हैदराबादहून आणायचे, बाकी सगळं माझ्या हातचं. तीन वर्षं गेली. रोजचं पोटापाण्याचं काम संपलं की दिवस मावळेपर्यंत जो उजेड उरेल त्यात मी ते करायचो. सुमनबाई म्हणायची, "सवतीवानी बसवलंय त्याला टेबलावर."

पैशाचं आमचं कधी अडलं नाही, तो हात आखडणारा नव्हता. माझी अट एकच होती. डायल चांदीची करीन, आकडे देवनागरी काढीन, आणि बाराच्या खाली माझं नाव राहील. बळीराम मेत्रे, भालकी.

"राहील की," तो म्हणाला. "लेकराला बापाचं नाव लागतंच. त्यात काय सांगायचं?"

अडुसष्ट साली पहिलं घड्याळ त्याच्या हातात दिलं तेव्हा त्यानं ते कानाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. मग माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. माझ्या आयुष्यात मला दुसऱ्या कुणी एवढं मोठं केलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणी एवढं खालीही टाकलेलं नाही.

पुढं एकाहत्तरला दुसरं झालं, चौऱ्याहत्तरला तिसरं, सत्त्याहत्तरला चौथं. प्रत्येक वेगळं. तिसऱ्यात चंद्राची कला दाखवणारी चकती होती, म्हणजे अमावास्या कधी ते घड्याळच सांगायचं. ते बघून मल्लिकार्जुनप्पा लहान मुलासारखा हसला होता.

आता माझी चूक सांगतो. आमच्या धंद्यातलं पोरसोरसुद्धा करणार नाही अशी.

घड्याळातलं तेल तीन-चार वर्षांत वाळतं. कितीही चांगलं घड्याळ असो, ते उघडून, धुऊन, नवं तेल द्यावंच लागतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा कोरडा करून सांगायचो. आणि माझी चार घड्याळं तेरा वर्षांत एकदाही माझ्याकडं तेलाला आली नाहीत. मी विचारायचो, "अप्पा, घेऊन या की, बघून देतो." तो म्हणायचा, "अरे, एक मिनिट मागंपुढं होईना. कशाला उघडायचं?" आणि मी फुशारून जायचो. उदगीरच्या एका दुकानदाराला मी छाती काढून सांगितलं, "माझ्या घड्याळाला तेल लागत न्हाई." तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. बरोबरच होतं त्याचं. तेल लागत नाही असं घड्याळ अजून जन्माला यायचंय. पण स्वतःच्या लेकराला सर्दी होते हे कुठल्या आईला पटतं?

आणखी एक. तो माझ्याकडं यायचा, मला त्यानं कधी त्याच्या माडीवर नेलं नाही. घड्याळांचं कपाट माडीवर होतं, आणि माझ्याकडं येताना त्याच्या कमरेला नेहमी ते जुनं विलायतीच असायचं. बसव जयंतीला त्याच्या अंगणात मी पंगतीला जेवलोय, चार पायऱ्या चढून वर गेलो नाही. मोठा माणूस आपल्या दारी येतोय, आपण कशाला त्याच्या दारी जायचं, असं मी मनाला सांगायचो. ज्याला फसायचंच असतं त्याला फसवणाऱ्यापेक्षा जास्त अक्कल चालवावी लागते.

एक्याऐंशीच्या थंडीत मी स्प्रिंगा आणायला हैदराबादला गेलो. बरोबर एका गिऱ्हाइकाच्या भिंतीवरच्या घड्याळाची डायल होती, तिचे आकडे उडाले होते. ती रंगवून घ्यायला मी बाबूलालमियाँकडं गेलो. बाबूलालमियाँ म्हणजे डायली रंगवणारा म्हातारा कारागीर, उस्तादाच्या वेळेपासून त्याच गल्लीत. मला तो उस्तादाचा पोरगा म्हणूनच ओळखायचा, नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं आकड्यांचा नमुना शोधायला एक पत्र्याचा डबा उपडा केला. जुन्या डायलींचा ढीग टेबलावर पसरला आणि त्यात मला माझं नाव दिसलं.

एक नाही. चार. चारही चांदीच्या, चारही माझ्या.

पहिल्यांदा मला वाटलं, अप्पाच्या घरी चोरी झाली. माणसाचं मन बघा, चोर सोडून सगळ्यांवर संशय घेतं.

"ये किसके हैं, मियाँ?" मी विचारलं.

"भालकी के एक सेठ हैं. बारा बरस से आते. घडी खुलवाते, तेल-पानी करवाते. पैली बार आए तो बोले, डायल पे का नाम मिटा दो." म्हाताऱ्यानं एक डायल उचलून उजेडात धरली. "मैं देखा, इत्ता साफ हात. मेरे से मिटाया नै गया. मैं बोला, नवी बना देतूं. तब से हर बार नवी बनातूं, ये रख लेतूं. फेंकने कू दिल नै हुआ."

"नवी पे क्या लिखते?"

"अंतोन मुरे, जिनिव्हा. सेठ खुद कागद पे लिखके लाए थे."

"कौन है ये मुरे?"

"मेरेकू क्या मालूम? मैं तो जो लिखके देते वो लिखता. तुमारी पहचान के हैं क्या ये मेत्रे?"

"हैं," मी म्हणालो. "पहचान के हैं."

"मिले तो बोलना, हैदराबाद में एक आदमी है, उनका नाम फेंका नै." त्यानं चारही डायली कागदात बांधून माझ्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत. ज्याचा माझा तसा काही संबंध नाही त्यानं माझं नाव बारा वर्षं डब्यात जपलं होतं, आणि ज्याच्यासाठी मी डोळे फोडले त्यानं ते काढून टाकलं होतं. विकाराबाद मागं पडेपर्यंत मी गाडीत त्या डायली मांडीवर घेऊन बसून होतो. रडू येत नव्हतं. संताप येत होता, आणि त्याहून जास्त लाज. आपण त्या उदगीरवाल्याला काय सांगून बसलो याची.

अमावास्येची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच गंजात गेलो. मल्लिकार्जुनप्पा गादीवर बसला होता. मी कागद सोडून चारही डायली त्याच्यापुढं मांडल्या. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो उठला आणि मला पोत्यांच्या थप्पीमागं घेऊन गेला.

"अप्पा, केसानं गळा कापलाव माझा."

"ऐकून घे, बळीराम."

"काय ऐकून घिऊ? हा मुरे कोण हाय? त्यानं बसवली का चाकं? त्यानं घासलं का पितळ?"

"ऐक तर. अडुसष्टला गुलबर्ग्याला लग्न व्हतं आमच्यातलं. तुजं घड्याळ लावून गेलो. एवढ्या आनंदानं गेलो, तुला काय सांगू. सगळ्यांनी हातात घेतलं, वा वा केली. मग एकानं नाव वाचलं. मेत्रे? कोण मेत्रे? म्या सांगितलं, आमच्या भालकीचा बळीराम. कुणाच्यातला इचारलं, तेबी सांगितलं. मग झालं. हातातून हातात फिरणारं घड्याळ तितंच थांबलं. एकानं रुमाल काढून बोटं पुसली." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "मला त्या घड्याळाचा अपमान सोसला न्हाई."

"घड्याळाचा?"

"व्हय."

"आणि माझा?"

तो शेजारच्या पोत्याची सुतळी ओढायला लागला. म्हणाला, "पिकतं तितं विकत न्हाई, बळीराम. जिनिव्हा म्हणलं की तेच लोक तेच घड्याळ दोन्ही हातांनी घेत्यात. तुजंच कौतुक करत्यात, त्यांना म्हाईत नसतं एवढंच. मी मनात म्हणायचो, हे बळीरामाला चाललंय."

"त्या बोटं पुसणाऱ्याला म्हणायचं व्हतं, घड्याळ खाली ठेव आणि माझ्या पंगतीतून ऊठ."

"लग्न त्याच्या घरचं व्हतं," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि त्याच्या मुस्कटात मारावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. माझ्या ग्लासातून चहा पिणारा तोच, आणि माझं नाव खरवडून काढायला सांगणारा तोच. यातला कुठला खोटा, हे ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही खरे होते, हीच तर पंचाईत.

मग तो माझा हात धरून रडला. साठीचा माणूस, पोत्यांच्या आड. म्हणाला, "या रविवारी सोलापूरचे एक डॉक्टर यायलेत. त्यांनाबी असलाच नाद हाय, माझी घड्याळं बघायला यायलेत मुद्दाम. तू ये. माडीवर ये. माझ्या शेजारी बस. मी त्यांच्यासमोर सांगतो, ही चार याची हायेत. डायली बी तूच बदल, त्यांच्यादेखत."

मी कबूल झालो. घरी सुमनबाईला सांगितलं तर ती हातातलं लाटणं खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "विश्वास पानिपतात मेला म्हणत्यात. तरी तुमी परत त्यालाच धरायलाव?"

"सोळा वर्षं अमावास्या चुकवली न्हाई त्यानं," मी म्हणालो.

"ते बी खरं हाय," ती म्हणाली, आणि माझा पांढरा शर्ट धुवायला घेतला.

रविवारी मी पहिल्यांदा त्या जिन्यानं वर गेलो. स्वच्छ खोली, गालिचा, काचेचं कपाट. टेबलावर मखमल अंथरून घड्याळं ओळीनं मांडलेली. तीन विलायती, पुढं माझी चार, तोंडावर दुसऱ्याचं नाव घेऊन बसलेली. डॉक्टर भला माणूस वाटला. पांढरे केस, हळू बोलणं. मल्लिकार्जुनप्पानं मला खुर्ची दिली, शेजारीच. डॉक्टरांना म्हणाला, "हे आमचे बळीराम." पुढं काही बोलला नाही. मी म्हटलं, बोलंल. घाई कशाला.

डॉक्टरांनी एकेक घड्याळ उघडून भिंगातून बघितलं. विलायती घड्याळं त्यांनी पटापट बघितली. माझ्या पहिल्यापाशी थांबले. तिसरं उचललं आणि कितीतरी वेळ खालीच ठेवलं नाही. चंद्राची चकती पुढं सरकवून बघितली, मागं सरकवून बघितली.

"अप्रतिम," ते म्हणाले. "अहो, मी मुंबईत मोठमोठ्या लोकांचे संग्रह बघितलेत. असं काम पाहिलेलं नाही. हा मुरे कोण? याचं नाव कधी ऐकलं नाही. असं काम आपल्याकडं होणं नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची साधना लागते."

मी अप्पाकडं बघितलं. हीच वेळ होती. ताटात वाढून दिल्यासारखी समोर आली होती, त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं.

त्यानं उघडलं. "व्हय डॉक्टरसाहेब, जिनिव्हाचाच हाय. फार कमी केलीत त्यानं. म्हणून तर जपायलोय." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आणि हे बळीराम आमची घड्याळं साफ करत्यात. हात चांगला हाय ह्यांचा."

एकदा फसवलं तर माणूस म्हणतो, घाबरला असेल. शेजारी बसवून, गुडघ्यावर हात ठेवून दुसऱ्यांदा फसवलं तर त्याला काय म्हणायचं? मी तो हात उचलून बाजूला केला.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "ते घड्याळ मी केलंय."

"बळीराम," अप्पा हळूच म्हणाला.

"चारही मीच केलीत. जरा द्या इकडं."

खिशात माझी हत्यारं होती आणि गंजातून परत आणलेल्या त्या चारही डायली. काटे काढले, कडेचे दोन बारीक स्क्रू सैल केले आणि मुरेची डायल उचलली. खाली पितळेच्या पाटीवर, प्रत्येक चाकाच्या शेजारी, मी बारीक आकडे कोरलेले असतात. जोडताना चाकांची अदलाबदल होऊ नये म्हणून. १, २, ३, ४. देवनागरी. शाळेत जसे गिरवले तसेच. मी घड्याळ डॉक्टरांपुढं धरलं. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून बसले.

"जिनिव्हाला असे आकडे काढत्यात का, साहेब?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मी माझी चांदीची डायल ठेवली, तिचे पाय आपापल्या भोकात बसले, स्क्रू आवळले, काटे लावले. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नाव वाचलं.

"मेत्रे," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही कुठले? आपले वडील काय करत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. का लपवायचं?

डॉक्टरांनी बोटं पुसली नाहीत, त्यांच्यावर तो आळ मी घेणार नाही. त्यांनी घड्याळ सावकाश मखमलीवर ठेवलं, माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "छान. छान प्रयत्न आहे. शिक्षण नसताना एवढं जमवलंत म्हणजे कमालच." आणि मघाशी जे पटापट बघून ठेवलं होतं ते विलायती घड्याळ उचलून पुन्हा भिंगाखाली धरलं.

पाच मिनिटांपूर्वी ते अप्रतिम होतं. त्यातलं एक चाक इकडचं तिकडं झालं नव्हतं. मल्लिकार्जुनप्पा माझ्याकडं बघत होता. सांगितलं होतं ना तुला, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. मला त्याचा तेव्हा जेवढा राग आला तेवढा पोत्यांच्या मागंही आला नव्हता. कारण त्याचं म्हणणं खरं निघालं होतं, आणि ते खरं ठेवणाऱ्यांत तो स्वतः होता.

"बळीराम, झालं. घरी जा आता," तो म्हणाला.

मी उठलो नाही. दुसरं घड्याळ पुढं ओढलं. चारही डायली बदलूनच उठणार होतो. तासभर लागला. ते दोघं चहा प्यायले, सोलापूरच्या हवेचं बोलले, मला कुणी चहा विचारला नाही. मुरेच्या चार डायली मी त्याच्या मखमलीवर ओळीनं ठेवल्या आणि जिना उतरलो. शेवटपर्यंत त्यानं मला थांबवलं नाही.

पुढची अमावास्या आली. मी दुकान उघडून बसलो. येईल असं वाटत नव्हतं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटत होतं तो येईल. शिव्या देईल, रडेल, माझ्या नावानं खडे फोडेल, पण येईल. दुपारी पायरीवर पाऊल वाजलं. मी वर बघितलं तर त्याच्या आडतीवरचा हमाल, शरणप्पा. हातात तुरीच्या नमुन्याची कापडी पिशवी.

"अप्पानी दिलंय," तो म्हणाला. "ज्याचं त्याला दिऊन ये म्हणलेत."

पिशवीत माझी चारही घड्याळं होती. चारही बंद पडलेली. तेरा वर्षं सकाळी उठून ज्यानं चावी दिली होती, त्यानं त्या रविवारनंतर हात लावला नव्हता. मी बिचाऱ्या शरणप्पावर ओरडलो. काय वाट्टेल ते बोललो. अप्पाला सांग, मी भंगारवाला न्हाई, सांग त्याला, असली भेट कुत्र्याच्या पुढं टाक म्हणाव. तो गोंधळला. "मला कामून बोलायलाव? म्या पोती उचलणारा माणूस," म्हणाला आणि पायरी उतरून गेला.

ओरडा ऐकून सुमनबाई मागून आली. तिनं पिशवीत बघितलं, एकेक घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, त्यावरचं नाव बोटानं वाचलं. तिला अक्षरं कमी येतात, पण एवढं नाव येतं. तिचा चेहरा उजळला. "आली का घरी! लई बरं झालं. आपल्या नावाची आपल्या घरी."

मग तिनं माझ्याकडं बघितलं. "अहो, रडायलाव कामून? नाव बी हाय, घड्याळं बी हायेत. आता काय राह्यलं?"

"ही आपली न्हाईत गं," मी म्हणालो. "ही त्याच्यासाठी केली व्हती. माझं नाव त्याच्या खिशात राहावं म्हणून केली व्हती."